चित्राखालचं पांढरं

चित्रकला आपल्याला येत नाही, हे कळायला मला पाच महिने लागले. बाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलं. भिंतींना आणि लोखंडी दरवाज्यांना लावायचे रंग. ते किती वेळात वाळतात, उन्हात किती पिवळे पडतात, वाकवले की कधी तडकतात, हे तपासायचं माझं काम. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला आणि मी घरी बसले. करंजाड्याचा आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि मागे दोन खाटा मावतील एवढी मोकळी फरशी आहे. मुलगी पुण्याला नोकरीला, नवरा सकाळी साडेआठला ऑफिसला. पहिल्या महिन्यात मी घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात आवरलेलीच कपाटं पुन्हा उपसली, तेव्हा नवरा म्हणाला की काहीतरी शिकायला जा, नाहीतर मला माझे मोजे कधीच सापडणार नाहीत.

म्हणून मी बाईंच्या क्लासला गेले.

बाई जुन्या पनवेलात, तळ्याच्या बाजूच्या एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पांढरे आखूड केस, जाड चष्मा आणि संधिवाताने सुजलेली बोटांची पेरं. बाई बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांच्या घरातली माणसं एकेक करून इस्राएलला गेली. थोरली बहीण तर लग्न होऊनच गेली. बाई आधी आईसाठी मागे राहिल्या आणि आई गेल्यावर सवयीने. कुणी फार खोदून विचारलं तर सांगतात, तिकडे ओले बोंबील मिळत नाहीत.

बुधवारी आणि रविवारी आम्ही सहा जण त्यांच्या पुढच्या खोलीत तैलरंग शिकायला बसायचो. मी एक तांब्याचा तांब्या काढायला घेतला होता. तीन आठवडे काढत होते. एका रविवारी बाई माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कबुतर छान आलंय. जखमी वाटतंय, पण जिवंत आहे."

मी म्हटलं, तांब्या आहे.

त्यांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. "हो, तोही दिसतोय."

सगळे हसले, मीही हसले. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही, आणि तिथेच खरं तर मी ओळखायला हवं होतं.

त्याच महिन्यात एकदा बाई स्वतःच्या चित्रावर वैतागल्या होत्या. दुकानातून आणलेल्या तयार कॅनव्हासवर त्यांचा ब्रश घसरत होता. प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर रंगवल्यासारखं वाटतंय, असं त्या पुटपुटत होत्या. मी सवयीने उठले. कॅनव्हासच्या कोपऱ्यावर नखाने ओरखडा काढला, पाण्याचा थेंब ठेवून तो जिरतो का पाहिलं, पाठ उलटी करून वास घेतला. मग सांगितलं की रंगाखालच्या या पांढऱ्या अस्तरात खडू कमी आहे आणि चिकटवणारं द्रावण भरमसाट, त्यामुळे तेलाला धरायला काही जागाच नाही. वरून रंग बसल्यासारखा दिसेल, पण तो बसलेला नसेल.

बाईंनी ब्रश खाली ठेवला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे विद्यार्थिनीकडे बघावं तसं बघितलं. आतून एक जुनी, पुठ्ठा निघालेली वही घेऊन आल्या. मुंबईला कला महाविद्यालयात असताना त्यांच्या सरांनी पहिलं वर्षभर कुणाला रंगाला हात लावू दिला नव्हता. फळ्या घासायच्या, सरस शिजवायचा, कापड ताणायचं, अस्तर चढवायचं, एवढंच. त्या वर्षाच्या नोंदी त्या वहीत होत्या. नोकरीत असताना बाईंना वेळ मिळाला नाही आणि आता बोटांत जोर उरला नव्हता.

"तू करशील?" त्यांनी विचारलं. "मी नुसती सांगेन. हात तुझे."

सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून काढलेला डिंक. पूर्वी सगळे सुतार तोच वापरायचे. बाजारात लाकडाच्या वखारींच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे तो तपकिरी दाण्यांच्या रूपात मिळाला. रात्री पाण्यात घातला की सकाळी साबुदाण्यासारखा फुगतो. मग गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून तो हळूहळू वितळवायचा. उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची ताकद जाते. माझ्याकडे प्रयोगशाळेतला थर्मामीटर होता, त्यामुळे तापमानाची भीती नव्हती. वासाचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं आणि आत न येता तसाच बाहेर उभा राहिला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी फोन करून फार सभ्यपणे विचारलं की तुमच्या फ्रिजच्या मागे उंदीर वगैरे मेलाय का. दुसऱ्या दिवशी मी शेगडी मागच्या फरशीवर नेली.

चित्रासाठी लाकडी फळी तयार करायची रीत ऐकायला सोपी आहे. आधी पातळ सरसाचा एक हात. मग त्याच सरसात खडूची बारीक भुकटी कालवून कोमट असतानाच तिचे सात-आठ थर, एक उभा, एक आडवा. वाळलं की घासायचं. माझी पहिली फळी रव्याच्या इडलीसारखी छिद्राछिद्रांची झाली, कारण मी मिश्रण भज्यांच्या पिठासारखं फेटलं होतं. बाई म्हणाल्या, हवा शिरते, ढवळायचं नाही, नुसतं वळवायचं. दुसरी फळी तडकली; सरस जास्त झाला होता. तिसरी नावेसारखी वाकली, कारण मी एकाच बाजूला थर दिले होते आणि पाठ कोरडीच ठेवली होती. मी कारखान्यात ठेवायचे तशी नोंदवही सुरू केली. तारीख, हवेतला दमटपणा, प्रमाण, निकाल. निकालाच्या रकान्यात दहा वेळा 'नापास' लिहिलं.

अकरावी फळी जानेवारीतल्या एका कोरड्या सकाळी झाली. बारीक पॉलिश पेपरने घासून मी ती पुसली आणि उन्हात तिरकी धरली. एकही रेघ नाही, एकही खळगा नाही. अंड्याच्या टरफलासारखी मऊ आणि टणक, दोन्ही एकदम. बोटाने टिचकी मारली तर मातीच्या मडक्यासारखी वाजली. घरात कुणी नव्हतं. मी ती फळी हातात घेऊन मागच्या फरशीवर एक गिरकी घेतली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रिक्षा करून ती तशीच बाईंकडे नेली. बाईंनी डोळे मिटून बोटांची मागची बाजू तिच्यावरून फिरवली. स्वयंपाकघरातून एक लिंबू आणलं, टेबलावर ठेवलं आणि रंगवायला बसल्या. तासाभरात लिंबू झालं. ब्रश जिथे थांबवायचा तिथे थांबत होता, ओढायचा तिथे ओढला जात होता. बाईंच्या तोंडून अधूनमधून जेवताना यावा तसा हुंकार येत होता. मी शेजारी बसून बघत होते आणि मला समजलं की मला चित्र काढायचंच नाहीये. मला हे करायचंय. त्या दिवसापासून मी क्लासची फी देणं बंद केलं आणि बाईंनी मला चहाबरोबर बिस्किटं द्यायला सुरुवात केली.

चांगल्या लाकडाचा प्रश्न बाजारातल्या मावशींनी सोडवला. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडूनच मासे घेते. उरणकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या त्या कोळीण. मला सुतार हवाय म्हटल्यावर कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या, "आमचा मानूस हाय ना. जन्मभर होड्या बांधल्या त्यानं. तुमची फळी म्हंजे काय मोठी गोष्ट हाय?"

मावशींचे यजमान म्हणजे आमचे काका. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्याकडे नव्या होडीचं काम क्वचित येतं, डागडुजीच जास्त. त्यांना मी फळ्यांबरोबर कॅनव्हास ताणायला चौकटीही कशा हव्यात ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की याच्यावर पानी पडनार हाय का. नाही म्हटल्यावर त्यांना काम जरा हलकंच वाटलं असावं. पण पहिली चौकट आणली ती अशी, की कोपऱ्यात सुई शिरायला फट नव्हती.

सात-आठ महिने असं चाललं. बाईंच्या ओळखीतले दोघेतिघे चित्रकार माझ्याकडून फळ्या आणि कॅनव्हास नेऊ लागले. मग एके दिवशी बाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. येत्या मार्चमध्ये येते म्हणाल्या, बारा वर्षांनी. वय एक्क्याऐंशी, तेव्हा पुन्हा येणं जमेल असं वाटत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

बाईंनी मला बोलावून घेतलं. बहीण लग्नानंतर इस्राएलला निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या जुन्या घराच्या अंगणात मलिदा, म्हणजे त्यांच्यातला आशीर्वादाचा विधी, झाला होता. गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचं मोठं ताट, भोवती फळं आणि सगळ्या बायका गोल बसलेल्या. बाई तेव्हा लहान होत्या, पण तो दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा होता. तो रंगवायचा होता. "माणसं खऱ्या मापाच्या जवळपास हवीत," त्या म्हणाल्या. "सात फूट बाय पाच."

मी तोवर दोन फुटांच्या वर गेले नव्हते. तरी हो म्हटलं.

काकांनी चौकट केली. मी जाड लिनन आणलं, ताणलं, खिळे मारले आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात सरसाचा हात दिला. कापड जरा सैल वाटलं म्हणून सरस थोडा दाट घेतला. दुपारी चहा घेऊन मागे आले तर चौकट फरशीवर तीन कोपऱ्यांवर उभी होती. चौथा कोपरा वीतभर वर उचलला गेला होता. वाळताना सरसाने कापड आवळलं आणि कापडाने लाकूड पिळून टाकलं. मी कोपरा दाबून खाली बसवला. सोडला की पुन्हा वर. चहा तसाच निवला. इतक्या महागाचं कापड गेलं त्यापेक्षा, बाईंना काय तोंड दाखवू, याचंच मला जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका आले. चौकटीभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसले, वर आलेल्या कोपऱ्यावर हात ठेवून लाकूड खालीवर करून पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील.

"लाकूड चांगला हाय," ते म्हणाले. "तुमीपन ताणलाय बराबर. चूक माजी हाय, ताई. होडीला आडव्या फल्या असतात ना, त्या नुस्त्या बसायला नसतात. दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. एवढ्या मोठ्या चौकटीला आमी एकपन आडवी दिली नाय."

चूक अर्धी माझी होती, सरस दाट मीच घेतला होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, मग अर्धी अर्धी घेऊ. आणि दोघंही हसलो. 

नव्या चौकटीला मधे दोन उभ्या आणि एक आडवी पट्टी आली. कोपरे खिळ्यांनी न ठोकता खाचेत बसवले आणि आत लाकडी पाचरी ठेवल्या, म्हणजे पावसाळ्यात कापड सैल पडलं तर पाचर ठोकून पुन्हा ताणता येईल. दिवाळीच्या सुट्टीत नवरा घरी होता. त्याला मी पक्कड धरायला बोलावलं. पहिल्या दहा मिनिटांत त्याने तीनदा घड्याळ बघितलं. मग कापड मधोमध धरून समोरासमोर ताणायचं, एकदा इकडे एकदा तिकडे, हे त्याच्या अंगात भिनलं. दुपारी जेवायला बोलावलं तर म्हणाला, थांब, ही बाजू संपवू दे. शेवटचा खिळा बसल्यावर त्याने कापडावर थाप मारली आणि ते ढोलकीसारखं घुमलं. त्याने पुन्हा मारली. वरच्या वहिनी खिडकीतून डोकावल्या, तर त्यांनाही ऐकवलं.

सरस या वेळी पातळ घेतला. तो वाळल्यावर जवसाच्या तेलात घोटलेल्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, रुंद पात्याने, सायीसारखे पातळ. बाईंनी हे ऐकून सांगितलं की तेल म्हणजे आमचं घरचं. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. "सहज तैलरंगांकडे नाही वळले मी," त्या म्हणाल्या. त्यानंतर सहा आठवडे नुसती वाट बघायची होती. मी रोज सकाळी अंगठा टेकवून बघायचे आणि नोंदवहीत लिहायचे. नवरा ऑफिसला निघताना विचारायचा, आज काय म्हणतंय आपलं पांढरं.

डिसेंबरअखेरीस टेम्पोतून कॅनव्हास जुन्या पनवेलात नेला आणि तिथे लक्षात आलं की बाईंच्या जिन्यातून तो वर जाणं शक्य नाही. जिना वळणाचा, कॅनव्हास सात फुटांचा. मी मापं सगळी घेतली होती, फक्त जिन्याचं सोडून. काकांनी वर बघितलं, बाईंच्या गॅलरीचा कठडा बघितला आणि टेम्पोतला दोर काढला. मग ते दोर घेऊन वर गेले, त्याचं टोक गॅलरीतून खाली सोडलं आणि आम्ही ते चौकटीला बांधलं. खालून मी, नवरा, टेम्पोवाला, समोरचा इस्त्रीवाला आणि सहज थांबलेला एक रिक्षावाला अशांनी कॅनव्हास हातांवर उचलला. होडी किनाऱ्यावर ओढताना देतात तशी लयीतली हाक काका वरून देऊ लागले, आम्ही खालून साथ द्यायला लागलो. तेवढ्यात वारा आला आणि कॅनव्हास शिडासारखा फिरायला लागला. इस्त्रीवाल्याने धावत जाऊन एक कोपरा धरला. रस्त्यावर माणसं जमली. आत काय चित्र आहे, असं एका आजोबांनी विचारलं. अजून काहीच नाही म्हटल्यावर ते फार विचारात पडले, पण हात त्यांनीही लावला. कॅनव्हास कठड्यावरून आत गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकही ओरखडा नव्हता.

आणि मग बाईंनी त्याला हातच लावला नाही.

मी बुधवारी गेले, रविवारी गेले, पुन्हा बुधवारी गेले. बाई समोर खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. वहीत रेखाटनं झाली होती, रंग काढून ठेवले होते, पण कॅनव्हास कोराच. मी चहा-बिस्किटं घेऊन परत यायचे. दुसऱ्या रविवारी त्याच म्हणाल्या, "अगं, इतकं सुंदर केलंयस की मला भीती वाटते. काहीही काढलं तरी यापेक्षा वाईटच दिसणार."

मला चित्रातलं कळत नाही, पण त्यांच्या वहीतलं शेवटचं पान मला पाठ होतं. तिथे त्यांच्या सरांचं लिहून घेतलं होतं की पांढरं डोळ्यांवर येत असेल तर त्यावर पातळ मातकट रंगाचा हात द्यावा. तोही अस्तराचाच भाग. म्हणजे तो माझ्या कामात येत होता. मी बाईंना विचारलंसुद्धा नाही. टर्पेंटाइनमध्ये पिवळी माती आणि थोडा तपकिरी रंग विरघळवला, जुन्या साडीचं फडकं घेतलं आणि स्टुलावर चढून वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. माझा दोन महिने जपलेला पांढराशुभ्र कॅनव्हास मी माझ्याच हाताने चहाच्या डागासारखा करत होते आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. अर्ध्यावर आले तेव्हा बाई उठल्या, दुसरं फडकं घेतलं आणि खालच्या बाजूने पुसायला लागल्या. पुसता पुसता थांबल्या. ओल्या रंगावर बोटाने एक गोल काढला. ताटाचा. मग त्याच्याभोवती एक वाकलेला खांदा, मग दुसरा. मी स्टुलावरून हळूच उतरून बाजूला झाले.

उरलेला जानेवारी आणि फेब्रुवारी बाई शनिवार सोडून रोज रंगवत होत्या.

थोरल्या बहीणबाई मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. बाईंपेक्षा उंच, पांढऱ्या कॅनव्हासचे बूट घातलेल्या, आणि मराठी अशी स्वच्छ की मला माझं 'ऑफिस', 'टेम्पो' बोलताना लाज वाटावी. त्या दिवशी बाईंनी मलाही बोलावलं होतं, नवऱ्यालाही, काका आणि मावशींनाही. मावशींनी येताना ओले बोंबील आणले होते.

बहीण चित्रासमोर उभ्या राहिल्या.  मग त्यांनी एकेका बाईकडे बोट करून नातं सांगायला सुरुवात केली. ही आत्या, ही शेजारची, ही आई. आईपाशी बोट जरा जास्त वेळ थांबलं. स्वतःपाशी आल्या आणि म्हणाल्या, "माझी साडी हिरवी नव्हती. जांभळी होती."

"हिरवीच होती," बाई म्हणाल्या.

"साडी मी नेसले होते की तू?"

"तू नेसली होतीस. बघत मी होते."

यावर दोघी इतक्या हसल्या की बहीणबाईंना खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. मावशींनी ताटातल्या पोह्यांबद्दल विचारलं आणि बहीण त्यांना कृती सांगायला लागल्या. नवरा लिनन कसं ताणलं ते सगळ्यांना सांगत होता, पण ऐकत कुणीच नव्हतं.

काका मात्र कुठे दिसेनात. मी पाहिलं तर ते भिंत आणि चित्र यांच्यामधल्या फटीत शिरून पाठीमागे उभे होते. मीही तिथे गेले. कापड पाठीमागून स्वच्छ होतं, तेलाचा एकही डाग आरपार आला नव्हता. काकांनी आडव्या पट्टीवर हात ठेवला, मग चारही पाचरी एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिल्या.

"हल्ला नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही हलला.

तेवढ्यात थोरल्या बहीणबाई काठी टेकत फटीपाशी आल्या आणि तुम्ही इकडे काय बघताय म्हणून विचारलं. काकांनी सरकून त्यांना जागा करून दिली. त्यांनी चष्मा सावरला, वाकून कोपऱ्यातला जोड बघितला, कापडाला नाक लावून वास घेतला आणि मला विचारलं की हे सगळं कसं करतात ते मला पहिल्यापासून सांग. मी सरस भिजवण्यापासून सुरुवात केली. आतून बाई ओरडत होत्या की चित्र पुढच्या बाजूला आहे आणि बोंबील गार होताहेत.